संकटकाळ आणि श्रद्धेची वाढ : ‘स्मृतिचित्रे’च्या आधारे एक विचार
(बीड परिसरातील वाचकाच्या संदर्भात)

१. प्रश्नाची मांडणी

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती समाजाविषयी बोलताना ‘पोटासाठी बाटले’ हा वाक्प्रयोग आजही सहज केला जातो. १८७६–७८, १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांच्या काळात मिशनच्या आश्रयाला आलेल्या कुटुंबांना तो प्रामुख्याने लावला गेला. त्यात एक गृहीत दडलेले आहे. संकटात सापडलेल्या माणसाची श्रद्धा ही गरजेपोटी आलेली असते, म्हणून ती खरी नसते, असे ते गृहीत होय. याच्या अगदी उलट टोकाला काही धर्मप्रचारक चरित्रकारांची मांडणी आढळते. तीनुसार संकट येते, त्या काळोखात एकाएकी प्रकाश पडतो आणि माणूस एका क्षणात पालटतो.

ही दोन्ही स्पष्टीकरणे वरवर परस्परविरोधी दिसत असली तरी त्यांच्यात एक साम्य आहे. संकट हे कारण आणि श्रद्धा हे त्याचे तात्काळ फळ, असे दोन्ही मानतात. पहिले स्पष्टीकरण त्या फळाला किडके म्हणते, दुसरे त्याला अमृतमय म्हणते, एवढाच काय तो फरक. संकट आणि फळ यांच्या मध्ये गेलेली वर्षे मात्र दोन्ही ठिकाणी गाळली जातात. मराठी ख्रिस्ती आत्मकथनाने जतन केली आहेत ती नेमकी हीच वर्षे. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाच्या आधारे या मधल्या काळाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. बीड परिसर आणि हा विषय

हा विषय बीड जिल्ह्यातील वाचकासमोर ठेवण्याचे प्रयोजन आधी स्पष्ट केले पाहिजे. बालाघाटच्या डोंगररांगेने दुभंगलेला हा जिल्हा पर्जन्यछायेत येतो. १८९९–१९०० चा दुष्काळ येथे किती भीषण होता याची कल्पना जनगणनेवरून येते. १८९१ साली निजाम राजवटीतील बीड जिल्ह्याची लोकसंख्या सहा लाखांहून अधिक होती. १९०१ साली ती पाच लाखांच्या आत आली. १९७२ चा दुष्काळ जुन्या पिढीच्या बोलण्यात अजून जिवंत आहे. दसरा सरला की कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघणारी ऊसतोड कामगारांची कुटुंबे हे या जिल्ह्याचे आजचेही वास्तव आहे. संकट हा येथील वाचकाला केवळ पुस्तकातला विषय वाटत नाही.

दुसरे कारण भौगोलिक आहे. जिल्ह्याचे आष्टी, पाटोदा आणि शिरूर कासार हे तालुके अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्याला लागून आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र १८३१ पासून नगर येथे होते. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ तेथूनच निघाले आणि टिळक दांपत्याच्या आयुष्याचा मोठा भाग त्याच मुलखात गेला. उत्तरेस गोदावरी ओलांडली की जालन्याचा प्रदेश लागतो. तेथे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर ‘बेथेल’ ही वसाहत उभी केली. मांग व महार समाजांतून आलेली ख्रिस्ती कुटुंबे तेथे राहिली. म्हणजे पश्चिम आणि उत्तर अशा दोन्ही सीमांना लागून हा इतिहास घडलेला आहे.

तिसरे कारण वाङ्मयीन आहे. अंबाजोगाई ही मुकुंदराज आणि दासोपंत यांची भूमी. दासोपंतांच्या चरित्रातही संकट आहेच. वडिलांकडून सरकारी वसूल भरला न गेल्यामुळे बालपणी त्यांना ओलीस राहावे लागले आणि त्या अवस्थेत त्यांची दत्तभक्ती दृढ झाली, असे परंपरा सांगते. दासोपंत १६१५ साली निवर्तले आणि पुढच्याच वर्षी फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ गोमंतकात छापून प्रसिद्ध झाले. दोघांचेही माध्यम मराठी ओवी. बीडच्या वाचकाला ख्रिस्ती वाङ्मय परके वाटत असेल, तर हा योगायोग त्याने ध्यानी घ्यावा.

३. तुकारामांचा दाखला

संकटातून आलेल्या श्रद्धेचा मराठीतील सर्वांत ठळक दाखला ख्रिस्ती वाङ्मयाबाहेरचा आहे. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात तुकारामांचा व्यापार बुडाला आणि त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून मरण पावली. आपल्या आत्मपर अभंगांतून त्यांनी हे स्वतः नोंदविले आहे. या आघातानंतर ते विठ्ठलाकडे वळले. तथापि त्यांची भक्ती दुष्काळातून आली म्हणून ती पोटासाठी होती, असे म्हणण्याचे धाडस कोणताही मराठी अभ्यासक करणार नाही. आणि याचे कारण उघड आहे. दुष्काळानंतर तुकारामांनी काय केले, हे आपल्याला ठाऊक आहे. पडके देऊळ दुरुस्त करणे, एकांतातील चिंतन, लोकनिंदा सोसणे आणि वर्षानुवर्षांची अभंगरचना ही त्यांची वाटचाल आपल्यासमोर आहे. त्यांच्या श्रद्धेची परीक्षा आपण तिच्या उगमावरून करीत नाही, तिच्या वाटचालीवरून करतो.

हाच निकष ख्रिस्ती श्रद्धेला का लावला जाऊ नये? रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी आपल्याला ख्रिस्तापर्यंत जाण्याची वाट तुकारामांमुळे सापडली, असे मान्य केले होते. तुकाराम आणि ख्रिस्त यांचे नाते मराठी ख्रिस्ती मनाने स्वतःच जोडलेले आहे. मग दोघांच्या भक्तांना दोन वेगळी मापे लावण्यास आधार उरत नाही.

४. पंडिता रमाबाई : नाव आणि अनुभव यांतील अंतर

‘स्मृतिचित्रे’कडे वळण्यापूर्वी पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या अनुभवाचा थोडक्यात विचार आवश्यक आहे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील भटकंतीत, दुष्काळाच्या झळीत, त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण यांचा अंत झाला. व्रते, उपवास, दानधर्म, तीर्थयात्रा हे सर्व करूनही भूक सुटली नाही. या अनुभवाने रमाबाईंची जुनी श्रद्धा हादरली. परंतु नवी श्रद्धा लगेच तिच्या जागी आली नाही. भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्या कलकत्त्यास पोहोचल्या आणि १८७८ साली तेथील विद्वानांनी त्यांचा गौरव केला. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती गेले. इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १८८३ साली. आईवडिलांच्या मृत्यूपासून तोवर सुमारे नऊ वर्षे लोटली होती.

गोष्ट येथेही संपत नाही. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाई सांगतात की, ख्रिस्ती धर्म त्यांना आधी मिळाला. त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळायला आणखी काही वर्षे जावी लागली. धर्म स्वीकारणे आणि श्रद्धा परिपक्व होणे या दोन घटना त्यांनी स्वतः वेगळ्या मोजल्या आहेत. स्वतःविषयी इतकी कठोर नोंद करणारी लेखिका प्रचारकी म्हणता येत नाही.

या परिपक्वतेचे दृश्य रूप १८९६–९७ च्या दुष्काळात दिसले. मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी उपासमारीने गांजलेल्या मुली व स्त्रिया केडगावला आणल्या आणि ‘मुक्ति’ची उभारणी झाली. ज्या मुलीचे घर दुष्काळाने उद्ध्वस्त केले, तीच पुढे दुष्काळग्रस्तांचे घर झाली. श्रद्धेची वाढ म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे.

५. ‘स्मृतिचित्रे’ : वाढीचे चार टप्पे

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. टिळकांचे चरित्र लिहिण्यासाठी मुलगा देवदत्त यांनी आईकडे आठवणी मागितल्या, आणि त्या आठवणींतून मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र आकाराला आले. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते. त्यांची वाक्ये बोलण्यासारखी आहेत आणि त्यांत पांडित्याचा लवलेशही नाही. श्रद्धेच्या वाढीच्या दृष्टीने या ग्रंथात चार टप्पे दिसतात.

(अ) सोवळे : लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या उठावाच्या संदर्भात फाशी झाली. त्या आघातानंतर वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत येत नसे. मीठ-साखरसुद्धा त्यातून सुटत नसे. ग्रंथाच्या आरंभीच येणारा हा भाग विनोदी म्हणून वाचला जातो, आणि तो विनोदी आहेही. मात्र त्याचा एक गंभीर अर्थ आहे. संकटाने वडिलांना देवाच्या जवळ नेले नाही. त्याने त्यांना भयाच्या स्वाधीन केले आणि त्या भयाने धर्माचे रूप घेतले. संकटातून श्रद्धा निर्माण होतेच, या समजाला लेखिकेने पहिल्याच प्रकरणात असा छेद दिला आहे. एकाच घरात एका पिढीच्या संकटातून सोवळे उपजले आणि दुसऱ्या पिढीच्या संकटातून ते सुटले.

(आ) विरह : १८९३ साली राजनांदगावच्या रेल्वे प्रवासात टिळकांच्या हाती नवा करार आला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लक्ष्मीबाईंची सुमारे साडेचार वर्षे पतीपासून दूर गेली. पती जिवंत असून नसल्यासारखा, पदरी लहान मूल, आणि आश्रय नातेवाइकांचा. या काळातील बराच मुक्काम पंढरपुरात होता. लक्षणीय गोष्ट अशी की, हे सारे दुःख ज्या धर्मामुळे आपल्या वाट्याला आले असे त्यांना वाटत होते, त्याच धर्मात पुढे त्या स्थिरावल्या. म्हणजे येथे संकट श्रद्धेकडे नेत नव्हते. ते तिच्यापासून दूर ढकलीत होते. याच काळात त्या दुःखाच्या कविता रचू लागल्या. त्यांच्या हाती संकटाने दिलेली पहिली गोष्ट धर्म नव्हती, शब्द होते.

(इ) विचार : पती-पत्नी पुन्हा एकत्र आले तरी लक्ष्मीबाईंनी धर्म बदलला नाही. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, आचार पूर्वीचाच. टिळकांनी त्यासाठी सक्ती केली नाही. हा काळ या ग्रंथाचा कणा आहे. पतीच्या आज्ञेने धर्म पालटणे त्या काळच्या स्त्रीला सोपे होते आणि समाजाने ते समजूनही घेतले असते. लक्ष्मीबाईंनी ते केले नाही. महाबळेश्वरच्या मुक्कामात त्यांच्या मनात जातीविषयीचा प्रश्न उभा राहिला. माणसामाणसांतील हा भेद देवाने केला की माणसाने, असा तो प्रश्न होता. विचारांती भेद माणसाचा आहे असे त्यांना पटले आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांनी निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा आहे. आधी विवेक, मग आचार आणि शेवटी संस्कार, असा हा क्रम आहे. वडिलांच्या घरात धुतल्या जाणाऱ्या मीठ-साखरेपासून निघालेली वाट येथे येऊन पोहोचते.

(ई) सेवा : बाप्तिस्म्याबरोबर कथा संपत नाही, वाचकाला वाटते की ती तेथून सुरू होते. दुष्काळात पोरकी झालेली मुले टिळकांच्या घरी आली. त्यांना न्हाऊमाखू घालणे, जेवू घालणे, आजारात उशाशी बसणे हे काम लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले. पुढे प्लेगच्या दिवसांत रोग्यांच्या सेवेतही त्या उतरल्या. ज्या हातांना एकेकाळी परक्याचा स्पर्श वर्ज्य होता, ते हात आता कोणाच्याही लेकराच्या अंगावरून फिरत होते. लक्ष्मीबाई या कामाचा गाजावाजा करीत नाहीत. टिळकांचा उदार आणि विसरभोळा स्वभाव, घरातली चणचण, नवरा-बायकोची भांडणे आणि माणसांच्या गमती यांच्या ओघात हे प्रसंग येऊन जातात. श्रद्धा म्हणजे दुःखाचा अभाव, असा दावा त्या कोठेही करीत नाहीत.

६. भाषेतील वाढ

श्रद्धेची वाढ मोजण्याचे साहित्याभ्यासकाचे साधन म्हणजे भाषा. या दृष्टीने दोन गोष्टी नोंदवाव्या लागतात.

पहिली गोष्ट विनोदाची. दुःखाचे प्रसंग सांगताना लक्ष्मीबाई स्वतःला हसतात. पतीने आपल्याला न विचारता धर्म बदलला, ही गोष्ट आयुष्यभराचा कडवटपणा निर्माण करण्यास पुरेशी होती. तरीही लेखनात आरोपाचा सूर क्वचितच उमटतो. हा विनोद दुःख झाकण्यासाठी आलेला नाही. दुःखाशी समेट झाल्यावर ते दुरून पाहता येते, तेव्हा येणारा हा विनोद आहे. क्षमा हा ख्रिस्ती धर्मविचाराचा गाभा. त्यावर लक्ष्मीबाईंनी प्रवचन केलेले नाही. ती क्षमा त्यांच्या निवेदनाच्या सुरात उतरली आहे.

दुसरी गोष्ट ‘ख्रिस्तायन’ची. टिळकांनी आरंभिलेले हे काव्य ९ मे १९१९ रोजी झालेल्या त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले. टिळकांनी थोडेच अध्याय लिहिले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ज्या स्त्रीला ख्रिस्त हा आपला संसार मोडणारा वाटला होता, तिने वैधव्यात त्या ख्रिस्ताचे चरित्र मराठी काव्यात पूर्ण केले. पंढरपुरात दुःखाने दिलेले शब्द येथे श्रद्धेच्या कामी आले. टिळकांच्या अभंगांप्रमाणेच या काव्यातही नव्या श्रद्धेने जुनी भाषा टाकलेली नाही. धर्म बदलला म्हणून मायबोली परकी झाली नाही. उलट संतांनी घडविलेल्या मराठीतच नव्या अनुभवाला घर मिळाले.

७. ज्यांनी लिहिले नाही ते

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. रमाबाई, टिळक आणि लक्ष्मीबाई ब्राह्मण घरांत जन्मल्या होत्या. संस्कृत-मराठीचा वारसा त्यांच्यापाशी होता आणि आपल्या मनाचा प्रवास त्या शब्दांत मांडू शकल्या. दुष्काळात ख्रिस्ती झालेली बहुसंख्य कुटुंबे महार, मांग या समाजांतील होती. त्यांच्यापाशी अक्षर नव्हते, म्हणून त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ लिहिले गेले नाही. त्यांच्या वाट्याला केवळ ‘पोटासाठी’ हा शिक्का आला.

हा आक्षेप रास्त आहे आणि तोच प्रस्तुत विवेचनाला पुढे नेतो. ज्यांची मधली वर्षे लिहून ठेवलेली आहेत, त्यांच्या श्रद्धेविषयी आपण आदराने बोलतो. ज्यांची ती लिहिलेली नाहीत, त्यांच्याविषयी एका शब्दात निकाल देतो. म्हणजे हा निकाल त्यांच्या श्रद्धेवरचा नसून आपल्यापाशी असलेल्या कागदांवरचा आहे. भाकरीसाठी आलेला माणूस भाकरीपाशीच थांबला, हे गृहीत धरण्यास आधार नाही. शिवाय ज्याला गावात पाणवठा नव्हता आणि देवळाची पायरी नव्हती, त्याला कोणी पंक्तीला बसविले, तर त्या घटनेतील भाकर कोणती आणि धर्म कोणता हे वेगळे करून दाखविणे सोपे नाही. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातही निर्णायक क्षण खाण्यापिण्याचाच होता. त्यांनी परक्या हातचे घेतले तेव्हा आपण त्याला विवेक म्हणतो. दलित कुटुंबाने परक्या हातचे घेतले तेव्हा त्याला लाचारी म्हणतो. हा फरक वाङ्मयाच्या अभ्यासाने तरी पुसला पाहिजे.

बीड, जालना आणि नगर या पट्ट्यातील जुन्या ख्रिस्ती कुटुंबांच्या मौखिक आठवणी, भजने, पत्रे आणि मंडळ्यांची दप्तरे यांचे संकलन हे म्हणूनच केवळ धर्मेतिहासाचे काम नाही. मराठी आत्मकथनाच्या इतिहासातील एक रिकामी जागा भरून काढण्याचे ते काम आहे. या परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांना आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ते हाती घेता येण्याजोगे आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी हाती येतात.

संकट श्रद्धा निर्माण करतेच असे नाही. लक्ष्मीबाईंच्या वडिलांप्रमाणे ते माणसाला भयात कोंडू शकते, किंवा रमाबाईंप्रमाणे आधीची श्रद्धा मोडून माणसाला वर्षानुवर्षे रिकामे ठेवू शकते. संकट एवढेच करते की, आजवर न विचारलेला प्रश्न टाळणे अशक्य करते.

श्रद्धेची वाढ त्या प्रश्नाशी प्रामाणिक राहण्यातून, सावकाश होते. तिला काळ लागतो आणि सक्तीचा अभाव लागतो. वेगळ्या चुलीला टिळकांनी दिलेली मोकळीक नसती, तर लक्ष्मीबाईंचा धर्म त्यांचा स्वतःचा झाला नसता.

ही वाढ पूर्ण झाल्याची खूण स्वतःच्या दुःखाची परतफेड मागण्यात दिसत नाही. दुसऱ्याच्या दुःखाकडे वळण्यात ती दिसते. केडगावच्या मुली आणि टिळकांच्या घरची पोरकी मुले ही त्याची साक्ष आहे.

म्हणून कोणाचीही श्रद्धा पारखताना ती कोठून आली हे विचारण्यापेक्षा ती कोठवर गेली हे विचारणे न्याय्य ठरेल. दुष्काळ पिढ्यान्‌पिढ्या अनुभवलेल्या बीडसारख्या जिल्ह्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. येथल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे की, पहिला पाऊस कोणत्या नक्षत्रात पडला यावर सुगी ठरत नाही. पेरणीनंतरच्या महिन्यांत रानात कोण राबले, त्यावर ती ठरते.